‘थांब ना, मॅच संपू दे!’

महोदय,

बंदुकीच्या गेमचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा ‘रक्त’ आणि ‘संस्कार’ यांच्यापुढे सरकत नाही. खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यात मात्र वेगळेच गणित चालू असते.

बीजीएमआयचेच घ्या, म्हणजे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, पबजी या मोबाइल गेमची भारतीय आवृत्ती. शंभर खेळाडू विमानातून बेटावर उतरतात, बहुतेक चार-चारच्या तुकडीने, आणि खेळायचे वर्तुळ आकसत जाते. एरांगेल या मोठ्या नकाशावर शेवटपर्यंत तग धरला, तर मॅच साधारण अर्धा तास चालते. गोळी लागून ‘नॉक’ झालेला गडी लगेच बाद होत नाही, रांगत राहतो. साथीदाराने काही सेकंद शेजारी बसून ‘रिव्हाइव्ह’ केले तर तो पुन्हा उठतो. ‘कव्हर दे, कव्हर दे’ हा आरडाओरडा त्याच सेकंदांचा, आणि स्वयंपाकघरातून ‘ताट वाढलंय’ ही हाकही नेमकी तेव्हाच येते! ऑनलाइन मॅचला पॉज नसतो. मध्येच उठले तर रँकचे गुण जातात, उरलेले तिघे उघडे पडतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्या तिघांची बोलणी खावी लागतात. आपल्याला उर्मटपणा वाटतो, त्यातला बराच भाग या कोंडीचा असतो.

म्हणून मर्यादा मॅचमध्ये ठरवावी. ‘एक तास’ म्हटले की पंचावन्नाव्या मिनिटाला तिसरी मॅच सुरू होते आणि भांडण ठरलेलेच. ‘दोन मॅच’ म्हटले की पळवाट उरत नाही. मुलाच्या फोनला वेळेची मर्यादा घालणाऱ्या गूगलच्या फॅमिली लिंक अॅपचे कुलूपही मॅचच्या मधोमध पडते; तेव्हा शेवटची मॅच कुलपाच्या 40 मिनिटे आधी सुरू झालेली असावी. वेळ कमी असेल तर टीम डेथमॅच हा त्याच गेममधला छोटा प्रकार खेळू द्यावा, तो दहा मिनिटांत उरकतो. बंदीनंतर 2023 मध्ये गेम परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची अट घातली गेली, पण पप्पांच्या नंबरवर आणि पप्पांच्या वयाने खाते उघडले की ती अट कागदावरच राहते.

बंदुकीपेक्षा जास्त लक्ष माइककडे, म्हणजे खेळताना साथीदारांशी चालणाऱ्या बोलण्याकडे द्यावे. मुलाच्या तोंडी नव्या शिव्या येतात त्या बहुधा अनोळखी साथीदारांकडून. मोड निवडताना ‘ऑटो मॅचिंग’ची खूण काढली की तुकडीत परके येत नाहीत, मित्र कमी पडले तरी. दुसरी गोष्ट यूसी, म्हणजे गेममधले विकतचे चलन. त्यातून मिळणाऱ्या स्किनने, म्हणजे सजावटीने, एम416 या बंदुकीचा मारा वाढत नाही, फक्त रंग बदलतो; पण मित्रांत मिरवायला तोच लागतो. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावावी आणि यूपीआयचा पिन मुलाला सांगू नये. ‘एकदाच टाक रे’ म्हणून सांगितलेला पिन त्याच्या पाठच असतो.

हिंसेबद्दल सांगायचे तर, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये म्हटले की असे गेम आणि आरडाओरडा, ढकलाढकली यांचा थोडा संबंध दिसतो; प्रत्यक्ष हिंसाचाराशी जोडण्याइतका पुरावा नाही. हरल्यावर उशी आपटणे म्हणजे व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्याआधी गेम येणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे आणि हे साधारण बारा महिने चालणे, हे सगळे बसते. लक्षणे तीव्र असतील तर वर्षभर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

– एक संगणक शिक्षक, सातारा