कावळेउतार नकाशात सापडत नाही: एका अद्भुतरम्य मालिकेच्या मराठी अनुवादाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व संपादन विभाग

विषय: चार खंडांच्या अनुवादित मालिकेतील छपाईचे, नावांचे, व्याकरणाचे व ई-पुस्तकाचे दोष, चुकीचा वयोगट, वगळलेली प्रकरणं आणि रखडलेला चौथा खंड

स.न.वि.वि.

आपल्या प्रकाशनपूर्व सवलत योजनेत या मालिकेच्या चारही खंडांची रक्कम एकदम घेतली गेली. छापील किंमत रु. २,४००, सवलतीत रु. १,६८०. तीन खंड मिळाले. चौथा येऊन आता चौदा महिने व्हायला हवे होते, तो आलेला नाही. तिन्ही छापील खंड आणि त्यांची ई-पुस्तकं मूळ इंग्रजीशेजारी ठेवून वाचल्यावर हे पत्र लिहिलं आहे.

आधी जे डोळ्यांना दिसतं ते. तिसऱ्या खंडात पान ४४८ नंतर ४४९ ते ४६४ ही पानं दोनदा आली आहेत आणि ४६५ ते ४८० ही सोळा पानं नाहीत. म्हणजे एकोणतिसावा फर्मा (एकत्र घडी घातलेली सोळा पानांची जुडी) दोनदा जुळवला गेला आणि तिसावा राहिला. ग्राहक सेवेकडून "आपली प्रत बदलून देऊ" असं उत्तर आलं, पण ही चूक एका प्रतीची असू शकत नाही. फर्मे जुळवताना एका जागी चुकीचा गठ्ठा ठेवला गेला, तर तो संपेपर्यंत त्या पाळीतली प्रत्येक प्रत तशीच बांधली जाते. फर्म्याच्या घडीवर पायऱ्यांसारख्या उतरत जाणाऱ्या काळ्या खुणा छापल्या, तर बांधणीआधी गठ्ठ्याकडे एक नजर टाकली तरी पायरी चुकलेली कळते. मात्र नजर त्याच वेळी टाकावी लागते. परफेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे न शिवता नुसत्या गोंदाने केलेल्या बांधणीत, पाठ तासली जाते आणि त्या तासणीत खुणाही जातात. त्यामुळे गोदामातल्या शिल्लक प्रतींची पान ४६५ उघडून तपासणी करावी लागेल. एक प्रत बदलून हा प्रश्न मिटत नाही.

त्याच खंडाची पाठ दुसऱ्या वाचनात मधोमध तडकली. ५६० पानांच्या पुस्तकाला नुसता हॉटमेल्ट (वितळवून लावलेला) गोंद पुरत नाही, त्यातही इथे कागदाच्या तंतूंची दिशा पाठीला आडवी गेली आहे. पान वरून खाली वाकवून पाहा आणि मग डावीकडून उजवीकडे वाकवा. ते डावीकडून उजवीकडे सहज वाकायला हवं, या खंडात ते वरून खाली सहज वाकतं. असा कागद पावसाळ्यात दमट झाला की पाठीलगत लाटा धरतो आणि पानं गोंदातून सुटू लागतात. एवढ्या जाडीच्या, पुन्हा पुन्हा उघडल्या जाणाऱ्या पुस्तकाचे फर्मे दोऱ्याने शिवलेले असावेत. मालिकेचे वाचक नवा खंड हाती आला की मागचा उघडून बघतात, त्यामुळे ही पुस्तकं एकट्या कादंबरीपेक्षा जास्त हाताळली जातात.

आता नकाशा. पहिल्या खंडात तो पान ६ आणि ७ वर आडवा पसरला आहे आणि मधली पट्टी दोन पानांमधल्या खाचेत गेली आहे. दोन्ही बाजूंचं मिळून जवळजवळ दोन सेंटीमीटर. त्या दोन सेंटीमीटरमध्ये कावळेउतार आहे. या कथेत फौजेला नदी ओलांडायला तेवढी एकच जागा आहे. पहिल्या खंडाचा निम्मा ताण हा आहे की पाणी चढायच्या आत तिथे कोण पोचतं. वाचक नकाशा उघडतो आणि त्याला नदीच्या दोन्ही काठांची गावं दिसतात, उतार दिसत नाही. स्टीव्हनसनने १८८१ मध्ये 'ट्रेझर आयलंड'चा नकाशा आधी काढला आणि गोष्ट त्यातून उगवली. या प्रकारच्या साहित्यात नकाशा कथेचाच भाग असतो, त्याला सजावट समजून चालत नाही. तो मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूच्या जाड कागदावर छापला असता तर पुस्तक सपाट उघडून पूर्ण दिसला असता. किंवा खाचेलगत दोन्ही पानांवर बारा-बारा मिलिमीटरची कोरी पट्टी सोडून दोन अर्ध्यांत छापायला हवा होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडात तर नकाशाच नाही, आणि कथा दक्षिणेकडे सरकते ती तिथेच.

नकाशाचं एक वेळ नव्या आवृत्तीत निभावेल. माझी मुख्य तक्रार नावांची आहे. पहिल्या खंडात 'कावळेउतार' असलेली ही जागा दुसऱ्या खंडात 'क्रोफर्ड' होते आणि तिसऱ्यात 'काकतीर्थ'. तीन खंडांना तीन अनुवादक, आणि त्यांच्यामध्ये एक सामाईक नामसूची नाही, हे यातून उघड दिसतं. नवा वाचक दुसऱ्या खंडात क्रोफर्ड हे वेगळं शहर समजतो. तिसऱ्यात तो काकतीर्थाला देऊळ आणि घाट शोधू लागतो, कारण 'तीर्थ' शब्दाचा जुना अर्थ नदी उतरायची जागा असा असला तरी आज मराठी वाचकाच्या मनात तो अर्थ राहिलेला नाही. 'कावळेउतार' मात्र अस्सल आहे. नदीला उतार असतो हे खेड्यापाड्यात आजही बोललं जातं, आणि हे नाव कुठल्याही तालुक्याच्या नकाशात खपून जाईल. त्या पहिल्या अनुवादकाची भाषा उत्तम आहे आणि पुढच्या दोघांना तिचा आधार मिळायला हवा होता.

टोल्किन यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या आपल्या कादंबरीचे डच आणि स्वीडिश अनुवाद पाहिल्यानंतर पुढच्या अनुवादकांसाठी नावांची एक स्वतंत्र मार्गदर्शिका तयार केली. कोणतं नाव अर्थाने भाषांतरित करायचं आणि कोणतं जसंच्या तसं ठेवायचं, हे तिच्यात नावानिशी सांगितलं आहे. मराठीत हे काम जड नाही. एका तक्त्यात पाच रकाने पुरतात: मूळ नाव, अर्थ कळावा अशी लेखकाची इच्छा दिसते की नाही, मराठी रूप, त्याचं लिंग, आणि सामान्यरूप. शेवटचे दोन रकाने इंग्रजी संपादकाला लागत नाहीत, आपल्याला लागतात. 'कावळेउतारला' की 'कावळेउताराला', राजधानी 'ती' की 'ते' शहर, हे एकदा ठरलं नाही तर खंडागणिक बदलतं. आणि तसं ते इथे बदललं आहे.

लिंगाचा प्रश्न याहून खोल जातो. भुयारातून वाट दाखवणारं जे पात्र आहे, ते मूळ पुस्तकात फक्त टोपणनावाने येतं. 'तो' की 'ती' हे लेखक दीड खंड कळू देत नाही, आणि दुसऱ्या खंडाच्या शेवटी ती राजाची हरवलेली थोरली मुलगी निघते. मराठीत त्या पात्राला 'वाटाड्या' केलं गेलं आणि ते पहिल्यांदा येतं त्या पानापासून "वाटाड्या म्हणाला" सुरू झालं. दुसऱ्या खंडाअखेरीस "ती म्हणाली" आल्यावर वाचक ती छपाईची चूक समजतो. पूर्ण मालिकेतला सगळ्यात मोठा उलगडा असा वाया गेला आहे.

मराठीत क्रियापद लिंग सांगतं, त्यामुळे इलाज नव्हता, असं आपले संपादक म्हणतील. इलाज आहे. टोपणनाव ठेवून त्याला 'ने' लावला की "विचारलं", "सांगितलं", "उत्तर दिलं" या क्रियापदांत लिंग दिसत नाही. 'म्हणणे' तेवढं टाळायचं, कारण भूतकाळात ते कर्त्याप्रमाणे चालतं. सवयीच्या हालचालींना जुना रीतिभूतकाळ आहेच: "पुढे जाई, थांबे, कान देई". हे तो असो की ती, सारखंच राहतं. भविष्यकाळात "येईल", "नेईल" यांत अडचण नाही. त्या पात्राच्या तोंडी "मी गेलो" किंवा "मी गेले" न घालता "मी बघितलं", "मला कळलं" अशी वाक्यं द्यायची. दीड खंडात त्या पात्राचे संवाद फार नाहीत. चार दिवसांचं संपादन होतं.

काळाच्या बाबतीतही हेच झालं आहे. किशोरवयीन आणि तरुण वाचकांच्या बऱ्याच इंग्रजी कादंबऱ्या प्रथमपुरुषी वर्तमानकाळात असतात, ही मालिकाही तशीच आहे. पाठलागाच्या प्रकरणात मराठी असं आहे: "मी धावते. मी वळते. मी दार ढकलते." मराठीत या रूपातून सवय सांगितली जाते. वाचणाऱ्याला वाटतं, ती रोज धावते आणि रोज ते दार ढकलते. मूळ घाई मराठीत "धावतेय", "वळतेय" यातून येते, नाहीतर सरळ भूतकाळ घ्यावा: "धावले. वळले. दार ढकललं." दोन्ही चालतं. एक निवडावं आणि तिन्ही खंडांत पाळावं.

ई-पुस्तकांकडे तातडीने बघावं लागेल. तिथे 'दऱ्या' हा शब्द सगळीकडे 'दर्या' झाला आहे. डोंगरातून निघालेली फौज अशा रीतीने वाक्यावाक्याला समुद्रात उतरते. जादूच्या विद्यापीठात 'आचाऱ्यांना बोलावलं' हे 'आचार्यांना बोलावलं' झालं आहे, आणि त्या प्रसंगात मुदपाकखान्यात विष कोणी कालवलं याचाच शोध चालू आहे. एका अक्षरामुळे संशय स्वयंपाक्यांवरून गुरुजनांवर गेला. कारण तांत्रिक आहे. अर्धा र काही जुन्या मजकुरात र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक अशा तीन खुणांनी लिहिलेला असतो. फाइल साफ करताना न दिसणारी चिन्हं सरसकट काढली की तो जोडक जातो आणि ऱ्य चा र्य होतो. दुरुस्त करताना सरसकट 'बदला' वापरू नये, नाहीतर सूर्य, धैर्य, कार्य बिघडतील. र्य आणि र्ह असलेले सगळे शब्द वेगळे काढावेत, प्रत्येक शब्द एकदाच राहील अशी यादी करावी, आणि माणसाने ती डोळ्यांखालून घालून ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून शब्द नव्याने लिहावेत. माझ्या अंदाजाने एका खंडाला अशी यादी तीनचारशे शब्दांच्या वर जाणार नाही.

मलपृष्ठावर 'बालसाहित्य, वयोगट १० ते १४' असं छापलं आहे. हे चुकीचं आहे आणि पुढच्या नुकसानीचं मूळही इथेच आहे. इंग्रजीत ज्याला यंग अॅडल्ट म्हणतात ते मुलांच्या पुस्तकांपेक्षा वेगळं साहित्य आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने त्या वाचकांसाठी १९५७ मध्येच वेगळा विभाग केला. या पुस्तकांत नायिका सोळासतरा वर्षांची असते, ती पहिल्यांदा असा निर्णय घेते ज्याने दुसऱ्याचा जीव जातो, आणि मग त्या निर्णयासह जगते. चाळिशीचे, पन्नाशीचे लोक ही पुस्तकं वाचतात ती याचसाठी. ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने १९९८ मध्ये हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाची मोठ्यांसाठी वेगळ्या मुखपृष्ठाची आवृत्ती काढली होती. आपल्याकडे तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टींपासून नाथमाधव, गो. ना. दातार, नारायण धारप यांच्यापर्यंत अद्भुताचा वाचक प्रौढच होता. त्या वाचकाला बालविभागाच्या कपाटात पाठवलं तर त्याला पुस्तक सापडणार नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ते पडलं तर पालक परत करतील.

या वयोगटापायीच काटछाट झाली आहे. दुसऱ्या खंडात मूळची ४१ प्रकरणं, मराठीत ३८. गेलेली तिन्ही प्रकरणं भावाच्या मृत्यूनंतरची आहेत: नायिका जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, त्याचा सदरा धुवायला देत नाही. लढाईची दृश्यं, कापलेले हात, जळालेलं गाव हे सगळं ठेवलं आहे. दुःख काढलं आणि हिंसा ठेवली, हा निर्णय कोणत्याही वयाच्या वाचकासाठी चुकीचा आहे. शिवाय तिसऱ्या खंडात ती तोच सदरा फाडून जखमेला बांधते, तेव्हा मराठी वाचकाला तो एक कापडाचा तुकडा वाटतो. आणि मुखपृष्ठावर 'संपूर्ण अनुवाद' असे शब्द आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार हा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा विषय होऊ शकतो.

चौथ्या खंडाबद्दल: मालिकेत पुढचे खंड पहिल्याइतके खपत नाहीत, हे ठाऊक असल्यामुळेच आगाऊ रक्कम घेतली जाते. मोठी आवृत्ती परवडत नसेल तर वर्गणीदारांपुरती लहान डिजिटल छपाई करता येते. त्याच आकारात, त्याच पाठीच्या रंगात ती निघावी.

माझ्या मागण्या अशा. तिसऱ्या खंडाची ती संपूर्ण पाळी तपासून सदोष प्रती बदलून द्याव्यात, फक्त तक्रार करणाऱ्यांच्या नव्हे. चौथ्या खंडासोबत एक सोळा पानी पुस्तिका सर्व वर्गणीदारांना विनामूल्य द्यावी: तिच्यात पूर्ण नकाशा, तिन्ही खंडांची एकत्र नामसूची आणि शुद्धिपत्र असावं. वगळलेली तीन प्रकरणं अनुवादित करून दुसऱ्या खंडाच्या ई-पुस्तकात घालावीत आणि छापील खंडाच्या ग्राहकांना तो मजकूर पाठवावा. नावं पहिल्या अनुवादकाची कायम करावीत. मलपृष्ठावरचा वयोगट बदलून '१४ वर्षांपुढील व प्रौढ वाचकांसाठी' असा करावा. चौथ्या खंडाची तारीख लेखी कळवावी. ते जमणार नसेल तर रु. ४२० परत करावेत.

तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली जाईल.

पान ४४८ ते ४८१ ची छायाचित्रं, तीन खंडांतल्या ६३ नावांचा तुलनात्मक तक्ता आणि पहिल्या ई-पुस्तकातल्या र्य-ऱ्य शब्दांची दुरुस्त यादी सोबत जोडली आहे. यादी तशीच वापरावी, माझी हरकत नाही.

कळावे,
आपल्या योजनेचा वर्गणीदार वाचक

सोबत: वरीलप्रमाणे तीन जोडपत्रं व पावतीची प्रत