पगारी रजा कापली सरकारनं आणि खापर फुटलं दिवाळीवर

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या पेपरची ई-आवृत्ती मी कॅनडातल्या टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला बसून रोज वाचतो, सवयच लागलीये म्हणा. परवा वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की कोविडमध्ये कॅनडासारख्या देशात सरकारनं लोकांना घरबसल्या पैसे दिले, सगळं कसं शिस्तीत झालं, आणि आपल्याकडे काय तर बेड नाही, ऑक्सिजन नाही. आपल्याकडचं दुःख मी कमी लेखत नाही, 2021 च्या एप्रिलमध्ये आमचीही माणसं तिकडे दगावली आणि 22 एप्रिलला इथून भारताची डायरेक्ट विमानं बंद झाली, ती सप्टेंबरच्या शेवटी सुरू झाली, तोवर फोनवरच रडलो. पण "कॅनडानं शिस्तीत केलं" हे वाचून राहवलं नाही म्हणून हे लांबलचक पत्र.

पैसे दिले ते ओटावाच्या केंद्र सरकारनं. आरोग्य, बहुतेक कामगार कायदे, शाळा, वृद्धाश्रम हे सगळं इथे प्रांताच्या हातात असतं, आणि आमच्या ऑन्टारिओ प्रांतात 2018 पासून डग फोर्ड यांचं कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार आहे. प्रीमियर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच समजा. माणूस बोलायला गोड, रोज दुपारी टीव्हीवर येऊन "फोक्स, फोक्स" (म्हणजे लोकहो, लोकहो) करत धीर द्यायचा, आमच्या हिलाही सुरुवातीला फार आवडायचा. मला तेव्हाही त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या कायद्यांची जास्त काळजी वाटत होती.

काय झालं होतं की आधीच्या लिबरल सरकारनं जाता जाता कामगारांना वर्षाला दोन दिवस पगारी रजा कायद्यानं दिली होती, 1 जानेवारी 2018 पासून. दोनच दिवस हो! फोर्ड आले आणि त्याच वर्षाच्या शेवटी बिल 47 हे विधेयक आणून ते दोन दिवसही काढून घेतले, त्या जागी तीन दिवस बिनपगारी रजा ठेवली, वर मालकांना डॉक्टरचं सर्टिफिकेट मागायची परत मोकळीक दिली. किमान वेतन 14 डॉलरवरून 15 होणार होतं तेही थांबवलं. नारा काय, तर ऑन्टारिओ धंद्यासाठी खुलं आहे. पुढच्या वर्षी सार्वजनिक आरोग्याच्या खर्चातला प्रांताचा वाटा कमी करून तो बोजा महापालिकांवर ढकलायचं आणि 35 आरोग्य विभागांचे 10 करायचं ठरवलं, ओरड झाली म्हणून ते रेंगाळलं, तेवढ्यात कोविड आला. नाहीतर साथ आली तेव्हा तिला तोंड द्यायला माणसं कुठली असती देव जाणे.

आता ब्रॅम्प्टन-मिसिसागा म्हणजे पील रीजन. सगळ्या देशाचा माल इथून हलतो. वेअरहाऊस, ट्रकिंग, फूड फॅक्टऱ्या, आणि विमानतळ शेजारीच. यातलं काम घरून लॅपटॉपवर होत नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या तळघरात तेव्हा चार पोरं राहायची, दोन पंजाबची, एक गुजराती आणि एक आपला नगरकडचा, कॉलेज ऑनलाइन आणि रात्री वेअरहाऊसची शिफ्ट. नगरचा पोरगा माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून बाहेर बर्फ काढताना थांबायचा. एकदा खोकत होता. मी म्हटलं अरे टेस्ट कर, घरी बस. तर म्हणाला, काका, कंपनी मला ओळखत पण नाही, मी एजन्सीचा माणूस, आज शिफ्ट नाकारली की पुढच्या आठवड्यात एजन्सीचा मेसेजच येत नाही, आणि मी टेस्ट केली तर रिपोर्ट येईपर्यंत या तिघांनाही बसावं लागेल, मग भाडं कोण देणार. यावर मी काय बोलणार होतो? सूप नेऊन दिलं दारापर्यंत, झालं.

हा एकट्या त्याचा किस्सा म्हणून सोडून द्याल तर पील पब्लिक हेल्थनं, म्हणजे इथल्या आरोग्य विभागानं, 2020 च्या ऑगस्टपासून जानेवारी 2021 पर्यंतच्या केसेस तपासल्या, त्यात चारातला एक माणूस अंगात लक्षणं असताना कामावर गेला होता, आणि 80 जण तर टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावरही गेले होते. मार्च 2021 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या ब्रॅम्प्टनच्या वेअरहाऊसमध्ये शेकड्यांनी केसेस निघाल्यावर ते बंद करायचा हुकूम निघाला, तो कोणी काढला? पीलच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी. प्रांत सरकारनं नाही.

आणि या सगळ्यात टीव्हीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काय चालू होतं, तर ब्रॅम्प्टनच्या लोकांनी दिवाळी केली म्हणून कोविड वाढला. एका घरात किती जण राहतात हे लोक, असं. आपलीच माणसं हे फॉरवर्ड करत होती याचा मला जास्त संताप आला, शेजारच्या ओकव्हिल शहरातल्या मोठ्या बंगल्यात बसून घरून काम करणारी आपलीच माणसं! अहो हौस म्हणून राहतात का एका घरात तीन पिढ्या?

पगारी रजेचं विचारलं की फोर्ड म्हणायचे केंद्राची स्कीम आहे ना, आम्ही परत तेच कशाला करू. ती स्कीम काय होती तेही सांगतो. आठवड्याला 500 डॉलर, कर कापून 450, पण आठवड्यातलं निम्मं काम तरी बुडायला पाहिजे, आणि अर्ज नंतर करायचा, पैसे त्याच्यानंतर. म्हणजे टेस्टच्या रिपोर्टसाठी एक-दोन दिवस थांबायचं असेल तर शून्य. भाडं एक तारखेला द्यायचं असतं हे माहीत नसलेल्या माणसांनी केलेली स्कीम, त्यात ओटावाच्या लिबरलांचीही चूक आहेच. पण प्रांतानं नुसतं तिकडे बोट दाखवत वर्ष काढलं. विरोधी पक्षांनी बिलं आणली, ती बहुमताच्या जोरावर पाडली. सरकारला सल्ला देणारे शास्त्रज्ञ पगारी रजा द्या म्हणून सांगत होते, तिकडेही कानाडोळा. याच शास्त्रज्ञांनी 11 फेब्रुवारी 2021 ला आकडे मांडून सांगितलं होतं की आत्ता निर्बंध सैल केले तर तिसरी लाट येईल. सैल केले. आली.

वृद्धाश्रमांचं तर लिहायला नको वाटतं, तरी लिहितो, कारण मूळ तेच आहे. इथे त्यांना लाँग टर्म केअर होम म्हणतात, निम्म्याहून जास्त प्रायव्हेट कंपन्यांची, नफ्यावर चालणारी. तिथे आजी-आजोबांना आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं ही कामं करणाऱ्या बायका बहुतेक फिलिपिन्सच्या, कॅरिबियनच्या, आपल्याकडच्या. कंपन्या त्यांना फुल टाइम घेत नाहीत, घेतलं तर बेनिफिट द्यावे लागतात ना, म्हणून एक बाई सकाळी एका होममध्ये आणि संध्याकाळी दुसऱ्या. साथ अशीच फिरली. एप्रिल 2020 मध्ये सरकारनं एका बाईनं एकाच होममध्ये काम करायचं असा हुकूम काढला खरा, पण एजन्सीच्या बायकांना त्यातून वगळलं! फोर्ड म्हणाले होते म्हाताऱ्यांभोवती लोखंडी कडं उभं करू. शेवटी मिलिटरी बोलवावी लागली, आणि मे 2020 मध्ये त्या सैनिकांचा रिपोर्ट बाहेर आला. पाच होममध्ये त्यांनी काय पाहिलं तर झुरळं, शिळं अन्न, तासन् तास हाका मारणारी म्हातारी माणसं, आडवं असतानाच भरवल्यानं ठसका लागलेली. मला त्यातली एक ओळ विसरता येत नाही, की सामान वापरायला स्टाफ घाबरत होता, कारण त्याला पैसे पडतात. आजीचं अंग पुसायचं कापड वापरताना मालकाच्या खर्चाची भीती वाटते, ही कुठली शिस्त?

फोर्ड तेव्हा म्हणाले रिपोर्ट वाचून हृदय पिळवटलं. पिळवटलं असेलही. पण 2019 साली 626 पैकी फक्त 9 होमची सविस्तर वार्षिक तपासणी झाली होती, ती यांच्याच राज्यात. आणि 2020 च्या नोव्हेंबरात बिल 218 मंजूर करून कोविडसाठी होमवर दावा लावणं अवघड केलं, साधा निष्काळजीपणा पुरत नाही, घोर निष्काळजीपणा सिद्ध करा म्हणे, तेही मार्चपासून मागच्या तारखेनं लागू. नर्सेसना संध्याकाळी थाळ्या-टाळ्या इथेही झाल्या बरं का, पण बिल 124 नं त्यांची पगारवाढ वर्षाला एक टक्क्यावर बांधून ठेवली होती ती काही सुटली नाही, कोर्टानं 2022 मध्ये ते बिल घटनाबाह्य ठरवलं तर सरकार अपिलात गेलं आणि तिथेही हरलं.

एक गंमत सांगायची राहिली. 2020 च्या ख्रिसमसला सगळ्यांना घरी बसा सांगितलं आणि प्रांताचे अर्थमंत्री स्वतः कॅरिबियनमध्ये सेंट बार्ट्सला सुट्टीवर. 24 डिसेंबरला त्यांचा व्हिडिओ आला, स्वेटर घालून शेकोटीजवळ बसलेत, लोकांच्या त्यागाबद्दल आभार मानतायत. आधीच शूट करून ठेवलेला! आठवड्यात राजीनामा द्यावा लागला.

तिसरी लाट डोक्यावर आली, ब्रॅम्प्टनचे पेशंट दुसऱ्या शहरांत हलवायला लागले (साडेसहा लाखांच्या शहराला एकच पूर्ण हॉस्पिटल, महापालिकेनं जानेवारी 2020 मध्येच आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती), तेव्हा 16 एप्रिल 2021 ला सरकारनं काय केलं? पोलिसांना अधिकार दिले, रस्त्यात कुणालाही थांबवा, घर कुठे, कशाला बाहेर पडलास विचारा. आणि मुलांची प्लेग्राउंड बंद. वेअरहाऊस मात्र चालूच. काळ्या-सावळ्या माणसाला इथे पोलीस कसे थांबवतात ते आम्हाला माहितीये, माझा मुलगा त्या दिवशी गाडी काढायला तयार नव्हता. शेवटी पोलिसांनीच ठिकठिकाणी सांगितलं आम्ही हे करणार नाही, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारला मागे घ्यावं लागलं. मग फोर्ड टीव्हीवर डोळे पुसत माफी मागायला आले, आणि महिनाअखेरीस पगारी रजा दिली. तीन दिवस. दिवसाला 200 डॉलरपर्यंत, तेही सरकारनं मालकांना भरून द्यायचे, म्हणजे मालकांच्या खिशाला चाट नाही. चौदा दिवस क्वारंटाइन आणि तीन दिवस पगार, हिशोब तुम्हीच घाला.

ते तीन दिवससुद्धा 31 मार्च 2023 ला संपले. आज ऑन्टारिओत कायद्यानं पगारी सिक लिव्ह शून्य आहे. ब्रिटिश कोलंबियात 2022 पासून पाच दिवस आहे, तिथले धंदे काही बुडाले नाहीत. केंद्राच्या कायद्याखाली येणाऱ्यांना दहा दिवस आहे, त्यामुळे आमच्या गल्लीतला ट्रक घेऊन दुसऱ्या प्रांतात जाणारा ड्रायव्हर आजारी पडला तर त्याला पगार मिळतो आणि तोच ट्रक रात्रभर भरणारा पोरगा आजारी पडला तर नाही.

तुम्ही विचाराल मग लोकांनी पाडलं का नाही. 2022 मध्ये ब्रॅम्प्टनच्या पाचही जागा फोर्ड यांच्या पक्षानं जिंकल्या. कशावर, तर नवा हायवे, गाडीच्या नंबरप्लेटची फी माफ आणि रिफंडचा चेक घरी. प्रांतात निम्म्याहून जास्त लोक मतदानालाच गेले नाहीत, आणि तळघरातल्या त्या पोरांना तर मत नाहीच, ते स्टुडंट व्हिसावर. 2025 ला परत तेच सरकार. आमच्या दारावर मतं मागायला एक तरुण आला होता, आपलाच देसी, हायवेचं पॅम्फ्लेट हातात. मी म्हटलं बाबा हायवे ठेव, पगारी रजेचं काय करणार ते सांग. तर म्हणाला, "अंकल, वो तो फेडरल है," म्हणजे केंद्राचं काम. मी त्याला बिल 47 पासून सांगायला सुरुवात केली, पण त्याला पुढच्या घरी जायचं होतं.

आपला,
एक वाचक, ब्रॅम्प्टन (मूळ पुणे)