वाडा दिसला, कुळे दिसली नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत डेन्मार्कमधल्या जमीनदारी वाड्यांवरचा लेख वाचला. युटलंडमधल्या गामेल एस्ट्रुपचे वर्णन झकास उतरले आहे. लाल विटांचे बुरूज, भोवतीचा खंदक, चौदाव्या शतकापासून एकाच नात्यागोत्यात राहिलेली मालकी, सगळे आले. ज्यांच्या कष्टांवर हे वाडे पोसले गेले, त्या कुळांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

१७३० नंतर धान्याचे भाव पडले आणि जमीनदारांना मजूर टिकवणे जड जाऊ लागले. १७३३ मध्ये राजाने त्यांच्या सोयीचा कायदा केला. १४ ते ३६ वयाच्या कुळवाडी पुरुषाने जन्मगावची जहागीर सोडायची नाही. १७६४ पर्यंत ही मर्यादा ४ ते ४० वर्षांवर गेली. चार वर्षांचे पोर पळून जाणार तरी कुठे? पलटणीत कोणाला धाडायचे हेही जमीनदारच ठरवी. त्यामुळे पडीक शेत कसायला नकार देणाऱ्या तरुणाला सैन्याचा धाक घालता येई. शिवाय वेठ होतीच.

हे बंधन २० जून १७८८ च्या हुकमाने उठू लागले. त्यासाठी झटलेला ख्रिश्चन डिटलेव्ह रेव्हेंटलो स्वतः मोठा जमीनदार होता, हेही सांगायला हवे. त्या घटनेचा स्तंभ कोपनहेगनच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ आजही उभा आहे. झोपडीपुरती जागा असलेल्या मजुरांची वेठ मात्र पुढेही चालूच राहिली.

घराण्याच्या औदार्याने वाडा लोकांना खुला झाला, हे लेखकाचे म्हणणे अर्धेच खरे. शेवटचा काउंट १९२६ मध्ये वारल्यावर जावयाने वास्तू घेतली आणि १९३० मध्ये तिथे संग्रहालय झाले, याचे श्रेय त्याला द्यावेच. पण त्याआधी १९१९ चा कायदा झाला होता. थोरल्या मुलाकडे अखंड जाणाऱ्या जहागिऱ्या त्याने मोडल्या, मूल्याचा काही हिस्सा सरकारजमा केला आणि एक तृतीयांश जमीन मोबदला देऊन छोट्या शेतकऱ्यांसाठी घेतली. कूळकायदा पाहिलेल्या आपल्या वाचकांना हा भाग झुंबरांपेक्षा जवळचा वाटला असता.

गामेल एस्ट्रुपच्या आवारातच शेतीचे संग्रहालयही आहे. पुरवणी वाचून कोणी तिकडे जाणार असेल, तर त्याने आधी ते पाहावे आणि मग वाड्यात शिरावे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा