वाहिलेले मांजर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत प्राचीन इजिप्तमधील कांस्याच्या मांजराचे छायाचित्र पाहून आनंद झाला. मात्र त्याखाली ‘इजिप्तचे लोक या मांजराची पूजा करीत’ असे छापले होते, ते बरोबर नाही. नवस फेडताना देवीला चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहणाऱ्या सोलापूरकरांना हा फरक चटकन कळावा. त्या पाळण्याची पूजा कोणी करत नाही. तो देवीला दिलेला असतो. छायाचित्रातले मांजरही असेच बास्तेत देवीला वाहिलेले होते.

अशा मूर्ती मोठ्या संख्येने घडवल्या गेल्या त्या इ.स.पू. ६६४ नंतरच्या काळात आणि पुढे टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या अमलात. बास्तेतला मांजर, थोथ या विद्येच्या देवाला आयबिस हा लांब, वाकड्या चोचीचा पक्षी, होरस देवाला ससाणा असे वाहिले जाई. एपिस नावाचा पवित्र बैल, मुंगूस, मासे, इतकेच काय, चिचुंद्रीच्याही मूर्ती सापडल्या आहेत. देवळाच्या गाभाऱ्यात सामान्य माणसाला प्रवेश नव्हता, त्यामुळे आपले मागणे देवासमोर कायम राहावे यासाठी तो ही वस्तू देवळात ठेवून जाई. काहींच्या बैठकीवर ‘बास्तेत अमक्याला आयुष्य देवो’ अशा अर्थाचा मजकूर कोरलेला असतो आणि पुढे त्या माणसाच्या आईवडिलांची नावेही येतात. आपला नवस बहुधा फेडण्याचा असतो आणि तिथे मागण्यावर भर दिसतो, एवढा भेद मी मान्य करतो. पण वाहण्यामागची भावना मला परकी वाटत नाही.

आमच्या घरी वडिलांपर्यंत ओतकाम चालत असे, म्हणून घडणीविषयीही थोडे लिहितो. मेणाचा आकार करून त्यावर माती लिंपायची, साचा तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत मुशीतला रस ओतायचा, हीच रीत इजिप्तच्या कारागिरांची होती. मूर्ती मोठी असेल तर ते मेणाच्या आत मातीचा गाभा ठेवीत, त्यामुळे धातू कमी लागे. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणात ते बऱ्याचदा शिसेही घालत. शिशामुळे रस पातळ होऊन मिशीच्या रेषेपर्यंत पोहोचतो, हे कोणताही ओतारी सांगेल. काही पोकळ मांजरांत मांजराचेच जतन केलेले शरीर ठेवलेले असे. प्राण्यांचे अवशेष ठेवण्यासाठी केलेल्या, सरडे आणि ईल माशांच्या आकृती असलेल्या धातूच्या सहा बंद पेट्या ब्रिटिश म्युझियमच्या संशोधकांनी न उघडता न्यूट्रॉन किरणांनी तपासल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही पेट्यांत हाडे, तर काहींत कापडाचे, बहुधा लिननचे (जवसाच्या धाग्यांच्या कापडाचे), अवशेष आढळले.

देवळात जागा उरली नाही, तरी अशा वस्तू मोडीत न घालता पुजारी त्या देवळाच्याच पवित्र आवारात पुरून ठेवीत, म्हणून त्यांचे साठेच्या साठे सापडतात. इजिप्तमधील कैरोजवळच्या सक्कारा येथे २०२२ मध्ये सुमारे १५० कांस्यमूर्ती मिळाल्याचे जाहीर झाले, आणि त्या जागच्या जागी सापडल्याने त्यांचे मोल फार आहे. याउलट एकोणिसाव्या शतकात अशा असंख्य मूर्ती बाजारातून जगभर गेल्या. त्या कोणत्या देवळातल्या, कोणत्या साठ्यातल्या, हे आता बहुतेकदा सांगता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून एक विनंती आहे. यापुढे अशी मूर्ती छापताना तिला ‘देवतेला वाहिलेली मूर्ती’ म्हणावे, आणि बैठकीवर अक्षरे कोरलेली असतील तर ती बाजूही छायाचित्रात दाखवून त्यातील नाव मराठीत द्यावे.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर