जबरी चोरी म्हणावे की दरोडा?

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. रंकाळ्यावर सकाळी फिरायला गेलेल्या मावशींच्या गळ्यातील साज दोघा दुचाकीस्वारांनी ओढून नेला, हे मला इकडे समजले होतेच. त्या आता सावरल्या आहेत हे वाचून जिवाला बरे वाटले. एका वर्तमानपत्राने या घटनेला ‘दरोडा’ म्हटले, दुसऱ्याने ‘लूट’, आणि पोलिसांच्या कागदावर नुसती ‘चोरी’ आली. तेव्हा ज्याला सगळे ‘रॉबरी’ म्हणतात ती यांपैकी नेमकी कोणती, असे तू विचारले आहेस. वकिलीत माझा रोजचा दिवस याच शब्दांत जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

रॉबरीला आपल्या कायद्याच्या मराठीत ‘जबरी चोरी’ म्हणतात, आणि या जोडशब्दातला सगळा भार ‘जबरी’ वर आहे. किती तोळे गेले याला येथे महत्त्व नाही. चोरी करण्यासाठी, करताना किंवा माल घेऊन पळताना चोराने जाणूनबुजून कोणाला मारले, दुखापत केली, अडवून धरले, किंवा तत्काळ मार बसेल अशी भीती घातली, की चोरीची जबरी चोरी होते. बाजारात नकळत खिसा कापून पन्नास हजार नेले तरी ती चोरीच, आणि गळ्याला सुरा लावून पन्नास रुपये काढून घेतले तरी ती जबरी चोरी. खंडणीचेही असेच आहे: समोर उभे राहून त्याच क्षणाची भीती घातली, तर तीही जबरी चोरी होते. 1860 च्या दंड संहितेत यासाठी जी उदाहरणे दिली होती, त्यांतले एक मला कधी विसरता आले नाही: रस्त्यात एकाने प्रवाशाचे मूल उचलले आणि ‘पाकीट दे, नाहीतर याला कड्यावरून खाली फेकतो’ असे सांगितले. मूल समोर आहे, भीती त्या क्षणाची आहे, म्हणून ती जबरी चोरी. पण ‘तुझे मूल आमच्या टोळीच्या ताब्यात आहे, दहा हजार पाठव’ असा निरोप आला, तर ती खंडणी. कारण बापाला विचार करायला थोडा तरी अवधी मिळाला. माणसाच्या भीतीचे इतके बारीक माप घेणारी व्याख्या मला कायद्यात फारशी दुसरी आढळलेली नाही.

आता मावशींच्या बाबतीत. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम 304 मध्ये हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा आला. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याआधी गळ्यातील दागिना ओढून नेला, की आपल्याकडे पोलीस बहुतेक वेळा जुन्या संहितेचे कलम 392, म्हणजे जबरी चोरीच लावत. आज ती कलम 309 मध्ये असून तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तेव्हा तीन वर्षे की दहा, हे फिर्यादीतल्या एखाद्या वाक्यावर अवलंबून राहते. ‘हिसडा मारून साज तोडून नेला’ एवढेच लिहिले तर गोष्ट वेगळी. ‘मी साज हाताने घट्ट धरला, तेव्हा मागे बसलेल्याने मला ढकलून पाडले’ हे लिहिले तर वेगळी. मावशींनी दुसरे सांगितले होते, असे तू कळवतोस. मग फिर्यादीची प्रत, जी त्यांना विनामूल्य मिळायला हवी, ती नीट वाचून पाहा. ढकलल्याचा उल्लेख नसेल तर पुरवणी जबाब देण्याचा आग्रह धरा, आणि मानेवरच्या वळाचा वैद्यकीय दाखला सोबत जोडा.

दरोड्याची गोष्ट निराळी आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी, किंवा तिचा प्रयत्न, म्हणजे दरोडा. बाहेर उभा राहून मदत करणाराही त्या पाचांत मोजला जातो. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि नुसती तयारी करतानाही पकडता येते. दोघा दुचाकीस्वारांना दरोडेखोर म्हणणे म्हणून चूक. रात्री महामार्गावर वाहन अडवून लुबाडणे, ज्याला आपले आजोबा वाटमारी म्हणत, ते मात्र चार जणांनी केले तरी जबरी चोरीच राहते. फक्त सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत शिक्षा चौदा वर्षांपर्यंत वाढते. आणि बंद घराचे कुलूप तोडून आत शिरले तर ती घरफोडी. विम्याच्या कागदावर हा शब्द फार मोलाचा असतो. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने आत शिरल्याची खूण लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितले आहे, त्यामुळे तुझ्या दुकानाची पॉलिसी एकदा काढून बघ.

‘लूट’ हा शब्द कायद्याचा नव्हे, लोकांचा आहे, आणि त्याला एकच रंग नाही. सुरतेची लूट आपण अभिमानाने सांगतो, आणि विजयादशमीला आपल्याच दसरा चौकात हजारो लोक आपट्याचे सोने लुटतात. बातमीदाराने तो वापरावा, माझी हरकत नाही.

हरकत आहे ती ‘दरोडेखोर’ हा शब्द कोणावरही फेकण्याला, आणि याविषयी मला मनापासून तळमळ वाटते. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. चोरी कोणीही केलेली असो, संशय त्यांच्यावर, आणि रोज गावच्या पाटलापुढे हजेरीही त्यांनीच द्यायची. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना कामधंदा दिला. बाकी देशात तो कायदा पुढेही चालला आणि 1952 मध्ये पुरता रद्द झाला. आजही कुठे दरोडा पडला की तपासाआधीच लोकांची बोटे या जमातींच्या पालांकडे वळतात, हे मी डोळ्यांनी पाहतो. गेल्या आठवड्यात मावशींच्या गल्लीतही दोन पोरांवर असाच संशय घेतला गेल्याचे ऐकले. तू रविवारी इकडे येशील तेव्हा गल्लीतल्या मंडळींशी बोल. तुझे ते ऐकतील. मीही बरोबर येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र