घर विकले जात नाही, तेव्हा

महोदय,

घर घेणाऱ्याने कोणते कागद तपासावेत, कर्ज कसे घ्यावे, यावर सातत्याने लिहिले जाते. परंतु ज्याचे घर दोन-दोन वर्षे विक्रीला काढूनही जात नाही, त्या मालकाने काय करावे, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. अशा माणसाच्या दारात बहुधा दोघेच येतात. ‘घरात दोष आहे, येईल त्या भावात देऊन टाका’ म्हणणारा रोखीचा खरेदीदार आणि ‘आधी पैसे भरा, गिऱ्हाईक आणतो’ म्हणणारा मध्यस्थ. पहिल्याचा फायदा मालकाच्या नडीत असतो, तर दुसऱ्याचे पैसे घर पडून राहिले तरी वसूल झालेले असतात.

माझ्या मावशीचे घर तीन वर्षे असेच पडून होते. बैठकीच्या खोलीत छताच्या कोपऱ्याला ओल होती आणि कोणी पाहायला येणार असले की मावशी आदल्या दिवशी तिथे रंगाचा हात मारून घेई. एका गृहस्थांनी त्या भिंतीला तळहात लावला, क्षणभर तसाच ठेवला आणि किंमतही न विचारता ते निघून गेले. पुढे गच्चीवरच्या पाइपाला गेलेली चीर सापडली. ती दुरुस्त करून भिंत पूर्ण वाळू दिली आणि आधीची छायाचित्रे दुरुस्तीच्या पावतीसह फाइलला लावली, तेव्हा येणारी माणसे त्या कोपऱ्याखाली उभी राहून निर्धास्तपणे बोलू लागली.

विकणाऱ्याला माहीत असलेले घेणाऱ्याला कळत नसेल, तर घेणारा दोष असण्याची शक्यता धरूनच भाव करतो, हे अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले होते. घराच्या कागदांनाही ते तंतोतंत लागू पडते. मावशीचे कर्ज केव्हाच फिटले होते, पण त्या कर्जाची नोंद, म्हणजे बोजा, कागदावर तसाच राहिला होता. शिवाय तीन वारसांपैकी एकाची लेखी संमती नव्हती. हे दोष घरात नसून फाइलमध्ये असतात आणि ते दूर करायला पैशांपेक्षा चिकाटी अधिक लागते. म्हणून जाहिरात देण्यापूर्वीच वकिलाकडून मालकी हक्काची आणि जाणत्या अभियंत्याकडून बांधकामाची तपासणी करून घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

किमतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बोस्टनमधील १९९० च्या दशकातील सदनिकांच्या विक्रीवरील जेनसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांच्या २००१ च्या अभ्यासात, खरेदीच्या किमतीपेक्षा कमी भाव येण्याची भीती असलेले मालक जास्त किंमत सांगतात आणि त्यांची घरे विकली जायला जास्त वेळ लागतो, असे आढळले. घरात आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला धीर आणि आपुलकी हवी. रहदारीचा आवाज किंवा अंधारी गल्ली मालकाला बदलता येत नाही. तिथे किंमत उतरवणे किंवा तूर्त घर भाड्याने देणे, हेच मार्ग उरतात.

मालकाला हे सारे सांगणारा सल्लागार स्वतः ते घर विकत घेणारा नसावा, त्याचे शुल्क आधी ठरलेले असावे आणि त्यातला मोठा भाग खरेदीखत झाल्यावरच द्यावा लागावा. वकिलांच्या आणि अभियंत्यांच्या संघटनांनी अशी सल्लाकेंद्रे चालवावीत आणि आपल्या दैनिकाने घर विकणाऱ्यांसाठीही मार्गदर्शनाचे सदर सुरू करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक