तात्या, त्या किल्लीबद्दल

तात्या, नमस्कार.

चष्मा सापडणार नाही तुम्हाला, नातीकडून वाचून घ्या. कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानं गुन्ह्यात सापडलेल्या पोराची ओळख उघड करायला मनाई आहे. आणि तुमचं नाव टाकलं, तर पोरगा कुणाचा हे गंगावेशीत दुसऱ्या मिनिटाला कळेल.

आमचा धाकटा तेव्हा पंधरा वर्षांचा. नववीत नापास. बाबा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. आई चार घरची धुणीभांडी करायची आणि मी माझ्या कॉलेजच्या नादात. त्यानं आणि त्याच्या दोन दोस्तांनी रंकाळ्यावरून मोटरसायकल उचलली आणि पेट्रोल संपलं म्हणून फुलेवाडीजवळ ढकलत नेताना सापडले. भावकीतलं एक माणूस फिरकलं नाही. बाल न्याय मंडळापुढं आईसोबत आलात ते तुम्ही, सकाळच्या धारा उरकून, धोतरावर शेणाचा डाग तसाच. आईला वाटलेलं, आत पिंजरा असेल. तिथं एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक बसलेले. पोराकडं लक्ष कोण देणार, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी हाय की."

परिविक्षा अधिकाऱ्यांची देखरेख ठेवून त्याला घरी सोडलं. संध्याकाळी तुमचा निरोप आला, "पाचाला ये. म्हसरं कुणाची वाट बघत न्हाईत."

आता गल्लीत सगळे सांगतात, तात्यानं पोरगं गोठ्यात जुंपलं आणि सरळ झालं. मला हे पटत नाही, म्हणून तर हे पत्र. समाजकार्य शिकताना ट्रॅव्हिस हर्शी नावाचा अमेरिकन अभ्यासक वाचला. १९६९ साली त्यानं प्रश्नच उलटा केला: पोरं गुन्हा का करतात हे सोडा, बाकीची का करत नाहीत ते सांगा. त्याच्या मते समाजाशी बांधून ठेवणारी दावी चार. माणसांची ओढ, गमावण्यासारखं काहीतरी हाताशी असणं, कामात गुंतणं आणि नियम आपले वाटणं. (दावी हा शब्द माझा. हर्शीनं म्हैस पाळली नसावी.) त्यानं कॅलिफोर्नियातल्या शाळकरी पोरांकडून प्रश्नावली भरून घेतली, तर नुसतं कामात गुंतणं हे दावं लेचंपेचं निघालं. गाडी उचलायला वेळ लागतो कितीसा? ओढ मात्र पक्की निघाली. आईबाप समोर नसतानाही मोहाच्या क्षणी त्यांची आठवण होते का, यावर पुष्कळ काही ठरतं, असं तो म्हणतो.

हे मी आमच्या घरात बघितलं होतं. जुने दोस्त रात्री दाराशी यायचे, शिट्टी मारायचे. एकदा तो आतूनच म्हणाला, "नको लेका. सकाळी तात्या विचारतील, डोळं का लाल." तुम्ही तर त्या वेळी घोरत असणार!

त्या दोस्तांना तुम्ही हाकललं नाही, हेही कुणी सांगत नाही. कट्ट्यावर बोलावून दुधाचा फेसाळलेला पेला हातात द्यायचात, वर त्यांच्या घरची चौकशी. एकजण पुढं यायचाच बंद झाला. दुसरा अजून येतो. आणि शाळा आमच्या धाकट्याला परत घ्यायला कां-कूं करत होती, तेव्हा मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर दोन दिवस बसून राहिलात. त्या दिवसांत धारा कुणी काढल्या, ते आजवर विचारलं नव्हतं. काकूंनीच ना?

थोरली म्हैस त्याच्या हाताला दोन महिने पान्हावली नव्हती. रोज तो आंबोण पुढं ठेवायचा, कासेला हात लावायचा आणि लाथ खायचा. ज्या दिवशी पान्हावली त्या दिवशी घरी येऊन आईला तीन वेळा सांगितलं. नववीचा निकालही त्यानं एवढा मनावर घेतला नव्हता.

त्यानंतरचा एक दिवाळी पाडवा. त्याला अठरा पूर्ण झालेली, लायसन हातात आलेलं. म्हशीची शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्या, वर मोरपिसं. पुढं मोटरसायकल पळवायची आणि आवाजामागं म्हैस धावणार. दरवर्षी गाडीवर तुम्हीच असायचात. त्या दिवशी तुम्ही गुडघा दुखतोय म्हणालात आणि सगळ्या पेठेदेखत किल्ली त्याच्या हातात ठेवलीत. गुडघा दुखत नव्हता, मला माहीत आहे.

तुम्हाला एक माहीत नसेल. गाडी तुमच्या दारात लावण्याआधी तो पंपावर गेला होता. स्वतःच्या पैशानं टाकी फुल्ल करून आणली त्यानं.

तुमची,
शेजारची थोरली